पावाच्या गाडीतलं बोलणं

गाडी मुळात पावाची होती. पिंपरीतल्या एका बेकरीची, बंद पेटीसारखी, मागे दोन दारांची. रोज सकाळी कंपन्यांच्या कॅन्टीनला पाव पोचवायची. बेकरीवाल्याने नवी घेतली आणि ही भावजींच्या अंगणात येऊन पडली. भावजी म्हणजे आमच्या ह्यांचे जिवलग दोस्त, मूळचे कासारवाडीचेच. दोघं एकाच वर्षी कंपनीतून रिटायर झाले आणि दोघांच्या डोक्यात खूळ शिरलं, की पावाचे ट्रे असायचे तिथे फळ्या ठोकायच्या, एक स्टोव्ह ठेवायचा आणि थंडीत महिना-दीड महिना चौघांनी मुलूख बघत हिंडायचं. चौथी म्हणजे भावजींची बायको. तिला मी अक्का म्हणते.

"म्हातारपणी माणसं काशीला जातात," मी म्हटलं, "तुम्ही पावाच्या गाडीतून हिंडा. लोक खारी मागायला येतील."

आणि आले की हो! पहिल्याच हिवाळ्यात वाईच्या घाटावर एका बाईने मागच्या दारावर टकटक केलं. "नानकटाई आहे का ताजी?" अक्काने आतूनच सांगितलं, "पिठलं हाय, देऊ का वाटीभर?" दोघी पोट धरधरून हसलो. गाडीच्या जुन्या लाकडातून भाजल्या मैद्याचा वास कधी गेलाच नाही. ऊन चढलं की गाडी आतून पावासारखी घमघमायची आणि आम्हाला जेवून उठल्यावरही भूक लागायची. रात्री आम्ही दोघी फळ्यांवर झोपायचो, पुरुष माणसं बाहेर देवळाच्या ओवरीत नाहीतर धर्मशाळेत.

भावजी गाडी चालवायचे. नोकरीची शेवटची काही वर्षं कंपनीचा ट्रक त्यांच्याच हातात होता. हे त्यांच्या शेजारी. डावीकडचा अंदाज ह्यांनी द्यायचा, तोही हाताने. कारण ह्यांना ऐकू येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

आम्ही बासष्ट साली इकडे पिंपरीला आलो. हे फोर्ज शॉपमध्ये लागले. तिथे लोखंड लालभडक तापवायचं आणि मोठ्या हॅमरखाली ठोकून त्याला आकार द्यायचा. हे हॅमरवर, भावजी भट्टीवर. हॅमर पडायला लागला की आमच्या चाळीत फळीवरची भांडी थरथरायची, मग त्याच्या पायाशी उभ्या माणसाच्या कानांचं काय होत असेल? कानांत कापसाचा बोळा घालायचे, तोही आठवला तर. दहा-बारा वर्षांत कान गेले. बोलता यायचं, पण स्वतःचा आवाज स्वतःला कळायचा नाही. मीठ मागायचं तरी ओरडून मागायचे, शेजारीपाजारी दचकायचे. मग लाजून बोलणंच टाकलं.

फक्त भावजींशी बोलायचे. हाताने. त्या शॉपमध्ये तोंडाचं बोलणं कुणाला ऐकूच जात नसे, म्हणून ह्या लोकांनी हाताची बोली केलेली. मूठ पुढे केली की हॅमर सोड. पंजा उभा धरला की थांब. पंजा गुडघ्यापाशी धरला की लहान नग, छातीशी धरला की मोठा. मिशीला पीळ दिला की साहेब आलाय. आणि तळहात उपडा करून पोटासमोर आडवा सरकवला की गार झालं. गार झालेल्या लोखंडावर घाव घालायचा नसतो, परत भट्टीत सारायचं. रिटायर झाले तरी दोघांच्या हातांची सवय सुटली नव्हती. पुढच्या सीटवर बसून दिवसभर हात चालायचे, मागून बघताना वाटायचं, दोन बायका वाती वळतायत.

माझं काही सांगायचं असलं की भावजींकडून. एकदा कऱ्हाडच्या अलीकडे मी कंटाळून पाच मिनिटं तोंड सोडलं, की ह्यांनी गरम बंडी आणली नाही, घोंगडी ओली ठेवली, माझं गुडघ्याचं औषध घरी विसरलं, आणि हे सगळं ह्यांना सांगा. भावजींनी दोन बोटं हलवली.

"एवढंच?" मी म्हटलं.

"त्यात समदं आलं वहिनी."

"काय आलं?"

"साहेब आला म्हून सांगितलं."

हसावं की रडावं ते कळेना. मी हसले खरी, पण मनात म्हटलं, बघा, नवरा माझा आणि त्याच्याशी बोलायला मला दुसऱ्याचे हात लागतात.

लोक म्हणतात, लिहून दाखवायचं. मी सातवी शिकलेय, वाचनालयातलं कपाट उपसलंय. पण हे शाळेची पायरीच चढले नव्हते. पगाराच्या कागदावर सही तेवढी घोटलेली. रिटायर झाल्यावर मी पाटी घेऊन बसवलं, तर चार दिवसांत 'ग'पाशी झोप लागायला लागली. ओरडून सांगायचं म्हटलं, तर 'जेवायला या' ओरडता येतं, 'दार लावा' ओरडता येतं. मला जे विचारायचं होतं ते ओरडून विचारण्यासारखं नव्हतं.

आता तेच सांगते.

आमची एक मुलगी होती. मुलगा थोरला, तो आता नाशकाला असतो. मुलगी त्याच्या पाठची. दहा महिन्यांची होऊन गेली. इकडे येऊन दोन वर्षं झाली होती, थंडीचे दिवस होते. तीन दिवस ताप. चौथ्या दिवशी हे पहिल्या शिफ्टला गेले आणि दहाच्या सुमारास ती माझ्या मांडीवर गेली. शेजारच्या खोलीतले मास्तर सायकल हाणत कंपनीच्या गेटवर गेले. तासाभराने परत आले. "निरोप आत पोचलाय," म्हणाले. "हॅमरवर कळवलं म्हणतात. त्यांनी मान डोलावली."

मी वाट बघितली. अकरा वाजले, बारा वाजले. चाळीतली म्हातारी माणसं म्हणायला लागली, लेकराला असं ठेवू नये. मी म्हटलं, येतायत ते, निरोप गेलाय. एक वाजला, दोन वाजले. मग मास्तर आणि आणखी दोघं तिला घेऊन गेले. हे आले शिफ्ट सुटल्यावर, चार वाजता, भावजींच्या खांद्यावर हात टाकून. डब्याची पिशवी हातात. मी डबा घेतला, घासायला टाकला, आणि एक शब्द बोलले नाही.

तेव्हा कान शाबूत होते ह्यांचे. विचारता आलं असतं. पण विचारलं आणि "हो, कळलं होतं, पण काम होतं" असं उत्तर आलं असतं तर? त्या माणसाबरोबर जन्म काढायचा होता मला. मी तोंड शिवून घेतलं. त्याआधी हे शिफ्टला निघाले की मी दारात उभी राहायची, हे कोपऱ्यावरून मागे वळून बघायचे. त्या दिवसापासून मी दारात गेले नाही. शेजारीण सांगायची, "अगं, ते अजून वळून बघतात." मी म्हणायची, "बघू देत." सोळा वर्षं, रिटायर होईपर्यंत. एकदाही गेले नाही. मनात धरलं की धरलं, अशी मी आहे. आई म्हणायचीच, हिचा राग म्हणजे दगडावरची रेघ.

वय झालं तसं वाटायला लागलं, आता विचारावं. उत्तर काहीही येऊ दे, पण विचारल्याशिवाय मरू नये. तर तोवर कान गेलेले.

दुसऱ्या हिवाळ्यात आम्ही वेरूळला गेलो. भावजी-अक्का बौद्ध, त्यांना तिथली लेणी डोळे भरून बघायची होती. सुताराची झोपडी म्हणतात त्या लेण्यात मोठ्या बुद्धापुढे अक्काने हात जोडून वंदना म्हटली. छताच्या दगडी वाशांतून तो आवाज असा घुमला की अंगावर काटा आला. पोरासोरांनी मग आपापली नावं ओरडून बघितली. मलाही काय वाटलं कोण जाणे, मी ओरडले, "अहो!" ते 'अहो' त्या दगडात चार वेळा फिरलं. लेण्यातले होते नव्हते तेवढे सगळे नवरे वळून बघायला लागले, भावजीसुद्धा. हे तेवढे खांबाकडे तोंड करून कोरीव काम निरखत होते. सगळे हसले. मीही हसले आणि बाहेर येऊन पायरीवर बसून रडले. अक्का विचारत राहिली, "काय झालं गं?" काय सांगणार, कपाळ?

तेव्हाच ठरवलं, पुढच्या खेपेला भावजींकडून विचारायचं. दुसऱ्याच्या हातून तर दुसऱ्याच्या हातून. ज्यांना हातांनीच ऐकू येतं त्यांना हातांनीच विचारावं.

तिसऱ्या हिवाळ्यात कोकणात उतरलो. भोरवरून वरंधा घाट, महाड, मग श्रीवर्धनचा समुद्र. ह्यांनी जन्मात समुद्र बघितला नव्हता. पँट गुडघ्यापर्यंत वळून लहान मुलासारखे लाटेत उभे राहिले आणि लाट आली की मागे पळायचे. अक्का काठाला शिंपले वेचत होती. संध्याकाळची वेळ. मी आणि भावजी वाळूत बसलो होतो. मी गवार निवडत होते. म्हटलं, आत्ताच.

"भावजी, ह्यांना एक विचारायचंय. तुम्ही हाताने विचारा."

"विचारू की. काय?"

"आमची पोर गेली त्या दिवशी निरोप मिळाला होता, तर मान डोलावून हे कामच का करत राहिले, एवढं विचारा."

भावजी माझ्याकडे बघतच राहिले. मला वाटलं, ऐकलं नाही की काय भावजींनीही.

"वहिनी," ते म्हणाले, "त्यास्नी म्हाईतच नव्हतं."

"मास्तर म्हणाले ना, मान डोलावली."

"डोलावली. म्या सांगितलं म्हून डोलावली." भावजींनी मुठीत वाळू घेतली. "वॉचमननं निरोप मला दिला. मी भट्टीपाशी, त्ये हॅमरपाशी. मधी तीस-चाळीस फूट. माझ्या एका हातात सांडशी, सांडशीत तापलेला नग, सोडता येईना. एकच हात मोकळा. आमच्या बोलीत लेकराला खूण न्हाई वहिनी. लेकराचं काय काम तिथं? मी पंजा खाली धरला. लहान. आन मग असं केलं." त्यांनी तळहात उपडा करून पोटासमोर सरकवला. "गार झाली म्हून."

माझ्या हातातली गवार तशीच राहिली.

"त्येंनी मान डोलावली आन मला खूण केली, परत भट्टीत सार. म्हंजे त्यास्नी वाटलं, लहान नग गार झालाय."

"मग तुम्ही जाऊन तोंडाने का नाही सांगितलं?"

"धीर झाला न्हाई. खोटं बोलत न्हाई तुमच्याशी, धीरच झाला न्हाई. म्हटलं, शिफ्ट सुटंस्तवर तरी ह्यो माणूस बाप राहू दे. गेटाभाईर सांगितलं, तर तिथंच खाली बसले. त्यास्नी वाटतं निरोप तवाच आला. सकाळीच आल्याला त्यास्नी अजून ठाव न्हाई. आन तुमी मनात काय धरलंय, दारात का येत नव्हता, ते मला आत्ता कळतंय."

मी उठले. गवारीची पाटी वाळूत पालथी झाली. मला त्या माणसाचा इतका राग आला, इतका, की हातात दगड असता तर मारला असता. आणि त्याहून जास्त राग माझाच. सोळा वर्षं तो माणूस कोपऱ्यावर वळून बघत होता, रिकाम्या दाराकडे. त्याचा गुन्हा काय? नग गार झाला म्हणून परत भट्टीत सारायला सांगितला, हा गुन्हा. समोर लाटेत उभे राहून हे मला हात करून बोलावत होते, ये, ये म्हणून. मी गेले नाही. कुठल्या तोंडाने जाऊ?

दोन दिवस मी भावजींशी बोलले नाही. ताट वाढायची, पण हातात न देता पुढे सरकवायची. परतीच्या वाटेला घाट लागायच्या आधी त्यांनी समोरच्या आरशातून माझ्याकडे बघून म्हटलं, "वहिनी, घरी गेल्यावर मीच सांगतो त्यास्नी. समोर बसवून, दोन्ही हातांनी, नीट सांगतो. तुमच्या दाराचं बी सांगतो."

मी "बरं" म्हणायला हवं होतं. एवढा एक शब्द. मी मागच्या दाराकडे बघत राहिले.

वरंधा घाट अर्धा चढलो असू. भावजींचा उजवा हात स्टिअरिंगवरून सरकून मांडीवर पडला. आम्हा दोघींना मागे काही कळलं नाही, खुद्द भावजींनाही कळलं नसेल. पण ह्यांना कळलं. वीस वर्षं हे दुसऱ्या कशाकडे नाही, त्या हाताकडेच तर बघत आले होते. हात पडल्याबरोबर ह्यांनी डाव्या बाजूने झेपावून स्टिअरिंग डोंगराकडे ओढलं आणि हँडब्रेक खेचला. गाडी भिंतीला घासून थांबली. हे उडी मारून उतरले, चाकाला दगड लावला आणि ओरडायला लागले, "अरे बोल! हात हलव! हलव हात!" सगळा घाट ऐकत होता आणि त्यांचं त्यांना ऐकू येत नव्हतं. भावजींचं तोंड वाकडं झालं होतं. डाव्या हाताची बोटं नुसती थरथरत होती.

मागून आलेल्या एसटीने भोरला दवाखान्यात नेलं. जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

त्या दिवसापासून भावजी, हे आणि मी, तिघांचीही तोंडं बंद झाली. पावाची गाडी कुणीतरी आणून भावजींच्या अंगणात लावली. हे रोज सकाळी कासारवाडीला जायचे, भावजींच्या खाटेपाशी बसून हाताने काय काय सांगायचे. उत्तर नाही. घरी आले की भिंतीला टेकून बसायचे. मी जवळ जायची, कानाशी तोंड न्यायची, आणि "चहा घेता का?" एवढंच ओरडून विचारायची. नाशिकहून मुलगा आला तेव्हा म्हटलं त्याला सांगावं, तो समजावेल. पण त्याला तरी खुणा कुठे येत होत्या? बापलेकाचं बोलणं पाठीवर थोपटण्यापुरतं. अक्कालाही फक्त जेवणाची खूण ठाऊक. माझ्याजवळ सगळं होतं, जीभ होती, अक्षर होतं, माफी होती, आणि ते पलीकडे न्यायला वाट नव्हती. इतकी लाचार मी पोर गेली तेव्हाही नव्हते. तेव्हा निदान रागाचा आधार होता.

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी मीही त्यांच्याबरोबर गेले. भावजींची खाट अक्काने उन्हात काढली होती, गाडीच्या शेजारी. हे खाटेवर पायथ्याशी बसले, मी समोर खाली, फरशीवर. भावजी माझ्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत काय होतं ते मला कळलं. त्यांचा डावा हात चादरीवर दोनदा हलला आणि पडला. म्हटलं, आता भावजींच्याने होणार नाही. तुझं तुलाच करायला हवं, बाई.

मी ह्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी बघितलं. मी पंजा खाली, जमिनीपाशी धरला. लहान. मग दोन्ही हात छातीशी घेतले, पोर धरतात तसे, आणि हलवले. डावीकडे, उजवीकडे. मग तळहात उपडा केला आणि पोटासमोर आडवा सरकवला. गार. माझे हात कापत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. पुन्हा केलं. लहान. पोर. गार. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, की चूक माझी, माझी.

हे लक्ष देऊन बघत होते. शॉपमध्ये भावजींकडे असेच बघत असतील. बघून झाल्यावर त्यांनी मान डोलावली.

मी म्हटलं, कळलं! देवा, कळलं ह्यांना.

हे उठले. गाडीचं मागचं दार उघडलं, आतून जुनी घोंगडी काढली, झटकली. घोंगडीला अजून पावाचा वास होता. माझ्या खांद्यांवरून ती लपेटली, पुढून गळ्याशी नीट बंद केली, आणि खाली त्या गार फरशीवरून मला हाताला धरून उठवून उन्हात खाटेवर बसवलं. भावजी बघत होते. त्यांनी तोंड फिरवायचा प्रयत्न केला, मान फिरली नाही.

"थंडी वाजतेय होय," हे सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढ्याने ओरडले, "मग सांगायचं नाही का, एवढा वेळ!"